श्वास, जीभ, दृष्टी : हातांविना चालणाऱ्या खुर्चीचा इतिहास आणि माध्यमाचा प्रश्न

१. पंग्वंध-न्यायातील तीन गृहीतके

पुरुष आणि प्रकृती यांचा संयोग समजावून देण्यासाठी सांख्यदर्शनात पांगळा आणि आंधळा यांचा दृष्टान्त योजलेला आहे. ईश्वरकृष्णाच्या कारिकेत तो एका सामासिक पदापुरताच येतो. त्याची कथा गौडपादादी भाष्यकारांनी सांगितली. चोरांच्या हल्ल्यामुळे सोबत्यांपासून तुटलेले दोघे एकमेकांना भेटतात. आंधळा पांगळ्याला खांद्यावर घेतो, पांगळा वाट दाखवतो, आंधळा चालतो आणि दोघेही इष्ट स्थळी पोहोचतात. पुरुष द्रष्टा आहे पण निष्क्रिय आहे, प्रकृती क्रियाशील आहे पण अचेतन आहे, हे तत्त्व या कथेतून सुलभपणे उलगडते.

मात्र या कथेत एक गोष्ट सांगितलेलीच नाही. पांगळा वाट दाखवतो म्हणजे नेमके काय करतो? तो बोलत असेल, किंवा आंधळ्याच्या खांद्यावर हाताने दाब देत असेल. भाष्यकारांना हा तपशील महत्त्वाचा वाटला नाही, कारण त्यांनी तीन गोष्टी गृहीत धरल्या होत्या. पांगळ्याच्या देहात आज्ञा देण्यास समर्थ असे निदान एक माध्यम शाबूत आहे, हे पहिले गृहीत. त्या माध्यमाला त्या वेळी दुसरे काम नाही, हे दुसरे. आणि वाहून नेणाऱ्याला ती आज्ञा जशी दिली तशीच कळते, हे तिसरे.

इतर वाङ्मयीन परंपरांमध्येही यापेक्षा वेगळी स्थिती आढळत नाही. 'इलियड'च्या अठराव्या सर्गात हेफेस्टस हा लंगडा देव सोन्याची चाके असलेल्या तिवया घडवतो. त्या देवसभेत आपोआप जातात आणि आपोआप परततात. रामायणातील पुष्पक विमान स्वामीच्या इच्छेप्रमाणे जाते. मिथकामध्ये इच्छा आणि गती यांच्या दरम्यान काहीच नसते. इतिहासामध्ये मात्र त्या दोहोंच्या दरम्यान एक नळी, एक कळ, एक तार किंवा एक चुंबक असतो, आणि त्याला जोडलेला देहाचा एखादा अवयव असतो.

हात निकामी झालेल्या व्यक्तीला स्वतः चालवता येईल अशी विजेवरची चाकाची खुर्ची घडवण्याचा इतिहास हा उपर्युक्त तीन गृहीतके एकामागून एक कोसळत गेल्याचा इतिहास आहे. तंत्रज्ञानाच्या इतिहासात तो सामान्यतः प्रगतीचा आलेख म्हणून मांडला जातो: आधी श्वास, मग जीभ, मग डोळा, अखेरीस मेंदू. प्रस्तुत निबंधात तो वेगळ्या अंगाने मांडला आहे. हाताचे काम ज्या अवयवांवर सोपवले गेले, ते तोंड, जीभ, दृष्टी आणि चेहरा हे सारे अवयव माणसाने माणसाला भेटण्याचे अवयव आहेत. त्यामुळे अशा प्रत्येक साधनाने गती देताना संवादाचा काही अंश मागून घेतला. हा व्यवहार कसा झाला आणि त्याच्या अटी कोणी ठरवल्या, हा येथील मुख्य प्रश्न आहे.

२. प्रश्न केव्हा उद्भवला?

हा प्रश्न विसाव्या शतकाच्या मध्यापूर्वी फारसा उद्भवलाच नाही, कारण तो ज्यांच्यासाठी उद्भवावा ती माणसे जगत नसत. मानेतील मेरुरज्जूला इजा झालेले बहुसंख्य रुग्ण पहिल्या महायुद्धाच्या काळात मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग आणि शय्याव्रण यांनी दगावत. १९४४ मध्ये इंग्लंडमधील स्टोक मँडव्हिल रुग्णालयात लुडविग गुटमन यांच्या नेतृत्वाखाली मेरुरज्जूच्या दुखापतींसाठी स्वतंत्र केंद्र सुरू झाले. काटेकोर शुश्रूषा आणि प्रतिजैविके यांमुळे तेथील रुग्ण जगू लागले. दुसऱ्या बाजूने पोलिओच्या साथी येत होत्या. १९५२ मध्ये कोपनहेगन येथे आणि अमेरिकेत आलेल्या साथींनंतर, कृत्रिम श्वसनाच्या आधारे जगणाऱ्या तरुण रुग्णांची एक पिढीच निर्माण झाली. वैद्यकाने आयुष्य दिले. त्या आयुष्यात फिरायचे कसे, हे त्याने सांगितले नव्हते.

खुर्ची तोपर्यंत घडीची झाली होती. हर्बर्ट एव्हरेस्ट आणि हॅरी जेनिंग्ज यांनी १९३३ च्या सुमारास लॉस एंजेलिस येथे पोलादी नळ्यांची, मोटारगाडीत ठेवता येईल अशी खुर्ची तयार केली. पण ती हातांनी ढकलायची होती. कॅनडाच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलमधील अभियंते जॉर्ज क्लाइन यांनी महायुद्धात जखमी झालेल्या सैनिकांसाठी १९५० च्या दशकाच्या पूर्वार्धात विजेवर चालणारी खुर्ची विकसित केली. दोन चाकांना स्वतंत्रपणे गती देणारी यंत्रणा आणि तिला वळवणारी एक छोटी दांडी, म्हणजेच जॉयस्टिक, ही त्या रचनेची वैशिष्ट्ये होती. १९५५ मध्ये तिचा एक नमुना अमेरिकेच्या माजी सैनिक प्रशासनाला देण्यात आला. पुढील विद्युत्-खुर्च्यांचा मूळ आराखडा येथे सिद्ध झाला.

क्लाइन यांच्या खुर्चीने पायांची गरज संपवली. बाहूच्या बळाचीही संपवली. हाताची गरज मात्र कायम राहिली. ती राहावी हे स्वाभाविक होते, कारण नियंत्रण आणि हात यांचे नाते भाषेतच मुरलेले आहे. मराठीत कारभार 'हातात' घेतला जातो, परिस्थिती 'हाताबाहेर' जाते, यंत्र 'हाताळले' जाते आणि दुसऱ्याच्या 'हाताखाली' काम केले जाते. ज्याला हात हलवता येत नाही त्याच्यासाठी नियंत्रणाची कल्पना करायची, तर आधी भाषेने घालून दिलेली ही चौकट ओलांडावी लागते.

या ठिकाणी शरीररचनेचा एक तपशील निर्णायक ठरतो. बाहू आणि हात यांचे मज्जातंतू मानेच्या खालच्या भागातील मेरुरज्जूतून निघतात. त्यामुळे मानेच्या चौथ्या मणक्याच्या पातळीवर किंवा तिच्या वर मेरुरज्जू पूर्णपणे दुखावला की दोन्ही हात जातात, आणि पुष्कळदा श्वासपटलही दुबळे होते. चेहरा, जीभ आणि डोळे यांचे मज्जातंतू मात्र थेट मेंदूतून निघतात. मेरुरज्जूच्या दुखापतीतून ते सहसा बचावतात. म्हणजे देह जेथे शाबूत उरतो तो भाग नेमका बोलण्याचा, पाहण्याचा आणि भाव व्यक्त करण्याचा भाग असतो. पंग्वंध-न्यायातील पहिले गृहीत येथे तपासले गेले आणि निभावले. माध्यम उरले होते. ते कोणत्या प्रकारचे आहे याचा विचार पुढे करावा लागणार होता.

३. आधी लेखन, मग गती

तोंडाने यंत्र चालवण्याचा पहिला महत्त्वाचा प्रयोग खुर्चीसाठी झाला नाही, ही बाब वाङ्मयाच्या अभ्यासकांनी लक्षात घेण्याजोगी आहे. १९६० च्या सुमारास रेग मेलिंग हे स्टोक मँडव्हिल येथे स्वयंसेवक म्हणून जात असत. हात-पाय न हलवता येणारे रुग्ण परिचारिकेला बोलावण्यासाठी तोंडाजवळ टांगलेली शिट्टी फुंकतात, हे त्यांनी पाहिले. जी फुंकर शिट्टी वाजवू शकते ती विजेची कळही दाबू शकेल, या विचारातून 'पॉसम' ही यंत्रणा जन्मली. रुग्ण-चालित निवड-यंत्रणा या अर्थाच्या इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांतून हे नाव बनले. पण लॅटिनमध्ये त्याच शब्दाचा अर्थ 'मी करू शकतो' असा होतो. नावात कर्त्याचे प्रथमपुरुषी क्रियापद असलेली अशी यंत्रे थोडीच असतील.

पॉसमची रीत साधी होती. पट्टीवरील पर्याय क्रमाने उजळत. हवा तो पर्याय आला की नळीत फुंकायचे किंवा नळीतून ओढायचे. यातून दिवा लागे, घंटा वाजे, दूरध्वनी उचलला जाई आणि मुख्य म्हणजे टंकयंत्र चाले. ज्यांना फुंकरही शक्य नव्हती त्यांच्यासाठी देहाची दुसरी एखादी हालचाल शोधण्यात आली. स्नायुदौर्बल्याने जवळजवळ पूर्णतः निश्चल झालेल्या हिलरी पोल या इंग्रज स्त्रीने पायाच्या अंगठ्याच्या जेमतेम दिसेल एवढ्या हालचालीने पॉसम चालवून पत्रे आणि कविता लिहिल्या. हात गेलेल्या देहाने यंत्राकडून आधी अक्षर मिळवले, रस्ता नंतर.

हा क्रम अन्यत्रही दिसतो. आयर्लंडच्या क्रिस्टोफर नोलन यांनी कपाळाला बांधलेल्या काठीने टंकलेखन करून १९८७ मध्ये आत्मकथनपर ग्रंथ प्रसिद्ध केला. पुण्याजवळ खडकी येथे १९७४ मध्ये स्थापन झालेल्या पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्रात जायबंदी सैनिकांनी तोंडात कुंचला धरून चित्रकला आत्मसात केली. तोंडाने लिहिणे आणि रंगवणे हे तोंडाने चालण्याच्या आधी येते. त्यामागे तांत्रिक कारण आहे, आणि ते चिन्हव्यवस्थेच्या स्वरूपाशी निगडित आहे.

लेखनातील चिन्ह वाट पाहू शकते. फ्रेंच पत्रकार झाँ-दोमिनिक बोबी यांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेले आपले पुस्तक केवळ डाव्या पापणीच्या उघडझापीने सांगितले. समोरची व्यक्ती वापराच्या वारंवारतेनुसार लावलेली वर्णमाला म्हणत जाई आणि हवे ते अक्षर येताच पापणी मिटे. चुकीचे अक्षर आले तर ते खोडता येत होते. खुर्चीला ही सवलत नाही. तिच्या चिन्हाचा अर्थ त्याच क्षणी जमिनीवर घडतो. चुकलेले वळण भिंतीवर आदळते. म्हणून श्वासावर चालणाऱ्या खुर्चीची संकेतावली अत्यंत आटोपशीर ठेवावी लागली. तिच्या प्रचलित रूपात चारच चिन्हे आहेत: जोराची फुंकर म्हणजे पुढे, जोराने ओढणे म्हणजे थांबणे किंवा मागे, हलकी फुंकर म्हणजे उजवीकडे, हलके ओढणे म्हणजे डावीकडे. फुंकर फुफ्फुसातूनच यावी असेही नाही. तोंडाच्या पोकळीत निर्माण केलेला दाब पुरतो. त्यामुळे कृत्रिम श्वसनयंत्रावर असलेल्या व्यक्तीलाही ही खुर्ची चालवता येते.

या व्यवस्थेत आणखी एक नियम असतो. जॉयस्टिक सोडली की खुर्ची थांबते. पण कोणी सतत फुंकत राहू शकत नाही. म्हणून पुढे जाण्याची आज्ञा एकदा दिली की ती दुसरी आज्ञा येईपर्यंत लागू राहते, अशी सोय अनेक खुर्च्यांमध्ये केलेली असते. हाताने चालणाऱ्या खुर्चीत गप्प राहणे म्हणजे थांबणे. श्वासाने चालणाऱ्या खुर्चीत गप्प राहणे म्हणजे चालत राहणे. मौनाचा अर्थच येथे उलटतो. थांबण्यासाठीही काही म्हणावे लागते, आणि ठसका, उचकी किंवा सुटलेली नळी यांमुळे ते वेळेवर म्हणता आले नाही तर काय, ही चिंता चालकाच्या अंगवळणी पडलेली असते.

४. माध्यमाला दुसरे काम असते

दुसरे गृहीत येथेच कोसळते. तोंडात नळी असताना बोलता येत नाही. अमेरिकन अभिनेते क्रिस्टोफर रीव्ह १९९५ मध्ये घोड्यावरून पडले. मानेच्या अगदी वरच्या मणक्यांपाशी इजा झाल्याने ते श्वसनयंत्रावर अवलंबून राहिले आणि फुंकर-नळीची खुर्ची चालवायला शिकले. १९९८ मध्ये आलेल्या 'स्टिल मी' या त्यांच्या आत्मकथनाच्या शीर्षकात 'अजूनही मीच' आणि 'निश्चल मी' असे दोन्ही अर्थ आहेत. आवाज हेच ज्याच्या व्यवसायाचे भांडवल, त्या माणसाला चालण्यासाठी बोलणे थांबवावे लागावे, यात या साधनाचा सारा अंतर्विरोध एकवटला आहे. बरोबर चालत गप्पा मारणे ही मैत्रीची सर्वांत साधी रीत आहे. फुंकर-नळीच्या खुर्चीत ती तुकड्यातुकड्यांनीच जमते. 'तोंडची वाफ दवडणे' हा मराठी वाक्प्रचार व्यर्थ बोलण्यासाठी आहे. येथे बोलण्यात गेलेली वाफ म्हणजे अक्षरशः न कापलेले अंतर असते.

डोक्याच्या हालचालीवर चालणाऱ्या खुर्च्यांत नळीची अडचण नाही. डोक्यामागील गादीत आणि तिच्या दोन्ही बाजूंना संवेदक बसवलेले असतात. मान जिकडे कलते तिकडे खुर्ची वळते. बोलण्याची मोकळीक यात मिळते. पण शेजारून हाक मारणाऱ्याकडे वळून पाहणे ही देखील मानेचीच हालचाल आहे. चालू खुर्चीत चालकाला ही साधी प्रतिक्रिया आवरावी लागते.

दृष्टीच्या बाबतीत हा पेच अधिक खोल आहे. १९६० च्या दशकात अमेरिकेच्या नासा या संस्थेच्या मार्शल केंद्रासाठी चष्म्यावर बसवायची एक दृष्टी-कळ विकसित करण्यात आली. प्रचंड त्वरणाखाली अंतराळवीराला हात उचलता आला नाही तर त्याने डोळ्याच्या हालचालीने यंत्र चालवावे, हा तिचा हेतू होता. अवकाशात क्षणकाल हतबल होणाऱ्या बलदंड देहासाठी केलेली ही रचना पुढे कायमच्या निश्चल देहासाठी, विद्युत्-खुर्चीवर वापरून पाहिली गेली. अपंगांसाठीच्या अनेक साधनांचा उगम असा दुसऱ्याच्या गरजेत आहे.

डोळा पाहण्यासाठी असतो. त्याला आज्ञा देण्याचे काम दिले की पाहिलेली प्रत्येक गोष्ट आज्ञा ठरण्याचा धोका निर्माण होतो. संगणकशास्त्रज्ञ रॉबर्ट जेकब यांनी १९९० च्या सुमारास या अडचणीला 'मायडसचा स्पर्श' असे नाव दिले. हात लावील ते सोने होण्याचा वर मागून अन्नालाही पारखा झालेला मायडस राजा ओव्हिडच्या काव्यामुळे युरोपीय वाङ्मयाला परिचित आहे. मिथकातील हाताचा शाप येथे डोळ्याकडे आला. त्यावर उपाय म्हणजे नजर ठरावीक काळ स्थिर ठेवणे किंवा नजरेबरोबर दुसरी एखादी खूण देणे. २०११ मध्ये चेतापेशींच्या असाध्य विकाराचे निदान झालेले अमेरिकन फुटबॉलपटू स्टीव्ह ग्लीसन यांनी आव्हान दिल्यानंतर, २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या अभियंत्यांनी पडद्यावरील बाणांकडे पाहून खुर्ची चालवण्याची सोय सिद्ध केली. पण बाणाकडे पाहताना रस्त्याकडे कसे पाहायचे, आणि समोरच्या माणसाच्या डोळ्यांकडे कसे पाहायचे, हा प्रश्न या माध्यमाच्या मुळाशीच आहे.

वाचेचे माध्यम पंग्वंध-न्यायाला सर्वांत जवळचे. ध्वनी ओळखणाऱ्या यंत्राला 'पुढे', 'डावीकडे', 'थांब' असे सांगायचे. परंतु गर्दीत इतरांचे आवाज मिसळतात, सर्दीने स्वर बदलतो, आणि ज्या क्षणी 'थांब' म्हणण्याची सर्वाधिक निकड असते त्या क्षणी भीतीने आवाज नेहमीसारखा निघत नाही. शिवाय आज्ञा कोणत्या भाषेत, हा प्रश्न केवळ याच माध्यमात येतो. फुंकरीला मातृभाषा नसते. ती कोल्हापुरात आणि कोपनहेगनमध्ये सारखीच असते. शब्दाला भाषा असते आणि यंत्राला ती शिकवावी लागते. भारतासारख्या बहुभाषिक देशात ही बाब दुय्यम नाही.

जिभेचा वापर नवा नाही. कॅलिफोर्नियातील रांचो लॉस अमिगोस रुग्णालयात १९६० च्या दशकात जिभेने दाबायच्या कळांवर चालणारा विद्युत्-बाहू तयार झाला होता. अटलांटा येथील जॉर्जिया टेकमध्ये मेसम घोवानलू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही कल्पना पुढे नेली. जिभेत टोचलेल्या छोट्या चुंबकाच्या हालचाली गालांजवळील संवेदक टिपतात आणि त्यानुसार खुर्ची चालते. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत चारही अवयव निकामी झालेल्या ११ व्यक्तींनी भाग घेतला. फुंकर-नळीच्या तुलनेत त्यांचा वेग तिपटीपर्यंत गेला आणि अचूकता तेवढीच राहिली. या पद्धतीत ओठ मोकळे राहतात आणि चेहऱ्यासमोर काही येत नाही. तरीही बोलताना आणि गिळताना जीभ हलतेच. त्या हालचाली आज्ञा नाहीत हे यंत्राने ओळखणे आवश्यक असते.

स्टीफन हॉकिंग यांचे उदाहरण सर्वपरिचित आहे, पण बहुधा अर्धवट ध्यानात घेतले जाते. १९८५ मध्ये श्वासनलिकेवरील शस्त्रक्रियेने वाचा गेल्यानंतर ते हातातील कळीने संगणकावर शब्द निवडत आणि हातानेच खुर्ची चालवीत. हाताची शक्ती ओसरल्यावर, २००५ च्या सुमारास, गालाच्या स्नायूची हालचाल टिपणारा अवरक्त संवेदक चष्म्यावर बसवला गेला. हा गाल बोलण्यासाठी होता, चालण्यासाठी नव्हता. २००९ पर्यंत त्यांना स्वतः खुर्ची चालवणे शक्य राहिले नव्हते; हनुवटीने ती चालवता यावी यासाठी प्रयत्न झाले, पण मान हलत नसल्याने ते अवघड ठरले. माध्यम एकच उरले तेव्हा ते वाचेला मिळाले आणि गती दुसऱ्यांच्या हाती गेली. आधी लेखन, मग गती हा पॉसमचा क्रम येथे उलट्या दिशेने पुन्हा दिसतो: आधी गती गेली, शब्द अखेरपर्यंत राहिला.

५. आंधळ्याला डोळे येतात तेव्हा

तिसरे गृहीत वाहून नेणाऱ्याच्या समजुतीविषयीचे. हान्स बर्गर यांनी १९२४ मध्ये मानवी मेंदूतील विद्युत्-स्पंदने डोक्यावरून नोंदवली आणि १९२९ मध्ये ती प्रसिद्ध केली. जाक व्हिदाल यांनी १९७३ मध्ये मेंदू आणि संगणक यांच्यातील थेट दुव्याची संकल्पना मांडली. अवयवाचे माध्यमच नको, इच्छा थेट चाकापर्यंत पोहोचावी, हे पुष्पकाचे स्वप्न त्यामागे आहे. प्रत्यक्षात कवटीवरून मिळणारे स्पंदन क्षीण आणि गोंगाटाने भरलेले असते. २०१६ मध्ये झुरिचनजीक झालेल्या सायबॅथलॉन स्पर्धेत विद्युत्-खुर्च्यांची शर्यत वेगळी आणि मेंदू-संगणकाची शर्यत वेगळी होती. दुसरीत खुर्ची धावत नव्हती, पडद्यावरील प्रतिमा धावत होती. २०२२ मध्ये होसे मिल्यान आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात चारही अवयव निकामी झालेल्या तीन व्यक्तींनी मेंदूच्या संकेतांवर खरी खुर्ची चालवायला शिकण्याचा प्रयत्न केला. चालकाने आपले संकेत सुस्पष्ट करायला शिकणे आणि यंत्राने ते ओळखायला शिकणे या दोन्ही गोष्टी बरोबरीने घडाव्या लागतात, हा त्या अभ्यासाचा महत्त्वाचा निष्कर्ष होता.

संकेत अस्पष्ट असल्यामुळे अशा खुर्च्यांना संवेदक देऊन अडथळे ओळखण्याची क्षमता दिली जाते. चालक ढोबळ दिशा सांगतो. दारातून नेमके कसे जायचे हे यंत्र ठरवते. येथे पंग्वंध-न्यायाची रचनाच बदलते. आंधळ्याला डोळे आलेले असतात. मग पांगळ्याचे काम काय उरले? त्याची आज्ञा आणि यंत्राचा निर्णय यांतील अंतर किती, आणि घडलेल्या गतीचा कर्ता कोण? संहितेचा अर्थ लेखकाचा की वाचकाचा, भाषांतरातील वाक्य मूळ लेखकाचे की भाषांतरकाराचे, या वाङ्मयाभ्यासातील वादांशी हा प्रश्न समांतर आहे. फरक एवढाच की येथे भाषांतरकार चालकाला स्वतःबरोबर घेऊन जातो.

सुरक्षिततेच्या नावाखाली कर्तेपण काढून घेतले जाण्याचा धोका यंत्रापूर्वीही होता. रॉबर्ट पर्स्के यांनी १९७२ मध्ये 'जोखमीची प्रतिष्ठा' ही संकल्पना मांडली ती संस्थांमध्ये अतिसंरक्षणाखाली ठेवलेल्या अपंगांच्या संदर्भात. जेथे चुकण्याची मुभाच नाही तेथे निवडीला अर्थ उरत नाही, हा तिचा आशय. खुर्चीच्या संदर्भात तो असा मांडता येईल: भिंतीच्या अगदी जवळ जाऊन थांबण्याची इच्छा यंत्राला चूक वाटू शकते, भिंतीवरचे चित्र पाहायला आलेल्या माणसाला ती चूक नसते.

६. खांदे कोणाचे?

या साऱ्या खटाटोपात नेमके काय पणाला लागलेले असते, याची साक्ष एड रॉबर्ट्स यांच्या आयुष्यातून मिळते. १९५३ मध्ये, वयाच्या चौदाव्या वर्षी, पोलिओने त्यांचे हातपाय निकामी झाले. १९६२ मध्ये ते बर्कली येथील विद्यापीठात दाखल झाले आणि १९७२ मध्ये तेथे स्थापन झालेल्या स्वतंत्र जीवन केंद्राचे ते एक अध्वर्यू ठरले. विद्युत्-खुर्ची तुम्हाला जमणार नाही, असे त्यांना सांगण्यात आले होते. पुढे ते प्रेमात पडले. खुर्ची ढकलणारा मदतनीस प्रेयसीच्या भेटीतही सोबत असणार, ही गोष्ट असह्य झाली. नियंत्रणपेटी उलट दिशेने बसवल्यावर हाताच्या उरलेल्या किंचित हालचालीने खुर्ची चालवता येते, असे त्यांच्या लक्षात आले. रॉबर्ट्स यांची खुर्ची हातांविना चालणारी नव्हती, पण अशा खुर्चीची निकड त्यांच्या अनुभवातून स्पष्ट होते: माणसाला पोहोचायचे तर असतेच, पण कधी कधी तिसऱ्या व्यक्तीवाचून पोहोचायचे असते.

मराठीत नसीमा हुरजूक यांच्या आत्मकथनाचे शीर्षकच 'चाकाची खुर्ची' असे आहे. कोल्हापूरमध्ये अपंगांसाठी संस्था उभारणाऱ्या या लेखिकेचे हात शाबूत आहेत. खुर्ची त्यांच्या हातांनी चालणारी आहे. मुंबईच्या मालिनी छिब यांनी २०१० मध्ये इंग्रजीत प्रसिद्ध केलेल्या आत्मकथनाचे शीर्षक ज्या करंगळीवरून आले आहे, तिनेच त्या टंकलेखन करतात. रीव्ह आणि बोबी यांच्या ग्रंथांशेजारी ही पुस्तके ठेवली असता एक भेद जाणवतो. पाश्चात्त्य आत्मकथनांत यंत्राला पात्राचे स्थान मिळू शकते, कारण तेथे देह आणि जग यांच्यामध्ये यंत्र उभे असते. भारतीय परिस्थितीत त्या जागी बहुतेक वेळा माणूस असतो: आई, बहीण, पत्नी किंवा पगारी मदतनीस. १९९५ च्या आणि त्यानंतर २०१६ च्या कायद्याने सुगम्यतेचा हक्क शब्दबद्ध केला. तरी पायऱ्या, उंबरे आणि खड्डे जेथे आहेत तेथे कोणाचे तरी खांदेच कामाला येतात. न्यायातील आंधळा हा निव्वळ वाहक आहे, त्याला कथेत स्वतःचे मुक्काम नाहीत. वास्तवातील वाहकाला ते असतात. स्वतः चालवता येणारी खुर्ची बसणाऱ्याला मोकळे करते तशी ढकलणाऱ्यालाही करते. या दुसऱ्या मुक्तीची कथा भारतीय भाषांत अद्याप पुरेशी लिहिली गेलेली नाही.

७. समारोप

श्वासापासून मेंदूपर्यंतचा हा प्रवास प्रगतीचा आहे यात शंका नाही. परंतु तो हात टाकून इच्छेकडे जाणारा सरळ मार्ग नाही. प्रत्येक टप्प्यावर हाताचे ओझे दुसऱ्या एखाद्या अवयवावर ठेवले गेले, आणि तो अवयव आधीच दुसऱ्या कामात होता. म्हणून अशा साधनाचे मूल्यमापन करताना वेग आणि अचूकता यांच्या जोडीला आणखी तीन प्रश्न विचारणे आवश्यक ठरते. घेतलेला अवयव एरवी काय करीत होता? घडलेल्या गतीत चालकाचा निर्णय किती आणि यंत्राचा किती? आणि तो अवयव परत मोकळा कसा करायचा, तसेच ते कोणी ठरवायचे?

यांपैकी तिसरा प्रश्न निर्णायक आहे. या खुर्च्यांमध्ये आज्ञा घेणे तात्पुरते बंद करण्याची सोय करता येते. ती लागू केली की फुंकर पुन्हा नुसता श्वास होते, नजर पुन्हा नुसती नजर होते आणि मान मित्राकडे निर्धास्तपणे वळते. मात्र ही सोय चालकाला स्वतः, कोणाच्याही मदतीवाचून, वापरता आली पाहिजे. अन्यथा त्याचे तोंड आणि डोळे यंत्राने उसने घेतलेले राहतात आणि परत केव्हा मिळायचे हे दुसराच कोणी ठरवतो. भाष्यकारांच्या कथेत मुक्कामी पोहोचल्यावर पांगळा आणि आंधळा विलग होतात, आणि सांख्यांच्या मते तेच कैवल्य होय. चाकाच्या खुर्चीत बसलेल्या माणसाची अपेक्षा त्या मानाने माफक आहे. मुक्कामी पोहोचल्यावर समोरच्याशी बोलण्यापुरते आपले तोंड आणि त्याला पाहण्यापुरते आपले डोळे पुन्हा आपले असावेत, एवढेच त्याला हवे असते.